नेपल्सच्या जुन्या शहरात लाकडाच्या भट्टीवरचा पिझ्झा कसा खावा

इटलीतल्या नेपल्सच्या जुन्या शहरातील पिझ्झेरियात जेवायला जाणाऱ्याने एक आकडा लक्षात ठेवला, तर बाकीचे बरेचसे त्याला आपोआप सुचत जाते. तेथील पिझ्झा भट्टीत ६० ते ९० सेकंदच राहतो. बाहेरची रांग वाटते त्यापेक्षा भराभर का सरकते, पदार्थांची यादी एवढी आखूड का असते, पिझ्झा मधोमध ओलसर का लागतो, तो आल्याबरोबर का खायचा आणि खाऊन झाल्यावर टेबल अडवून का बसायचे नाही, या सगळ्याचा उलगडा त्या दीड मिनिटात होतो. आपल्याकडे पिझ्झा हा गप्पा मारत, तुकडे वाटून घेत, अधूनमधून डब्यातला उरलेला तुकडा उचलत खाण्याचा पदार्थ झाला आहे. तीच सवय घेऊन नेपल्सला गेल्यास चव कळायच्या आत पिझ्झा गार होतो आणि मग ‘एवढे काय त्यात’ असे वाटून माणूस बाहेर पडतो. त्यात दोष बहुधा पिझ्झ्याचा नसतो.

पुढील सूचना शहराच्या मध्यभागी असलेल्या साध्या, घरगुती वळणाच्या, लाकडाच्या भट्टीवर चालणाऱ्या दुकानांसाठी आहेत. समुद्रकिनाऱ्यावरच्या महागड्या उपाहारगृहांची रीत वेगळी आहे आणि तिचा येथे विचार केलेला नाही.

दुकान निवडताना

विया देइ त्रिबुनाली हा प्राचीन ग्रीक नगराच्या आखणीतला रस्ता आजही तसाच सरळ आणि अरुंद आहे, आणि त्याच्या सभोवतालचे जुने शहर १९९५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. दोन्ही बाजूंना उंच जुन्या इमारती, मधून वाट काढणाऱ्या स्कूटर आणि दर थोड्या अंतरावर एखादी पिझ्झेरिया, असा हा भाग असल्याने येथे पिझ्झा शोधावा लागत नाही; निवडावा मात्र लागतो. याच रस्त्यावर सोरबिल्लोचे सुप्रसिद्ध दुकान आहे आणि १९३६ मध्ये सुरू झालेले दी मात्तेओही आहे, जेथे १९९४ च्या जी-७ परिषदेच्या वेळी अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बिल क्लिंटन येऊन पिझ्झा खाऊन गेले. रेल्वे स्थानकाच्या बाजूने येणाऱ्यास विया चेझारे सेर्साले या गल्लीतले दा मिकेले जवळ पडते. हे घराणे १८७० पासून या व्यवसायात असून सध्याच्या जागेत ते १९३० पासून आहे, आणि त्याची यादी मुख्यतः मार्गरिता व मरिनारा या दोन पिझ्झ्यांभोवतीच फिरते. दान्ते मेट्रो स्थानकाजवळचे पोर्तालबा तर त्याहून जुने. १७३८ मध्ये फेरीवाल्यांना पिझ्झा पुरवणारी जागा म्हणून त्याची सुरुवात झाली आणि १८३० पासून तेथे बसून खाण्याची सोय झाली, असे सांगितले जाते.

ही नावे माहीत असावीत, परंतु त्यांच्यापायी दिवस वाया घालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अत्यंत गाजलेल्या दुकानासमोर दोन तास उन्हात उभे राहून मिळणारा पिझ्झा आणि त्याच रस्त्यावरच्या, पंधरा मिनिटांत जागा देणाऱ्या चांगल्या दुकानातला पिझ्झा यांत जो फरक असतो, तो बहुतेकांच्या जिभेला कळण्याइतका मोठा नसतो. अनोळखी दुकान पारखण्याच्या काही खुणा आहेत. भट्टी ग्राहकांना दिसेल अशी दर्शनी भागात असावी आणि तिच्याजवळ लाकडांची रास असावी. काचेवर किंवा पाटीवर ‘फोर्नो आ लेन्या’ असे शब्द असतील, तर भट्टी लाकडावर चालते असे समजावे. काही दुकानांबाहेर १९८४ मध्ये स्थापन झालेल्या अस्सल नेपोलिटन पिझ्झा संघटनेचा फलक असतो; त्यावर व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या पार्श्वभूमीवर हातात पिझ्झाचे फावडे घेतलेला पुलचिनेल्ला हे लोकनाट्यातले पात्र दिसते. हा फलक चांगली खूण आहे, मात्र तो नसलेली उत्तम दुकानेही आहेत, आणि संघटनेने आता ठरावीक गॅसच्या व विजेच्या भट्ट्यांनाही मान्यता दिलेली असल्याने केवळ फलक पाहून भट्टी लाकडाचीच असेल असे गृहीत धरता येत नाही. दाराशी उभे राहून हाताला धरून आत ओढणारा माणूस आणि छायाचित्रांसह पाच भाषांत छापलेली भलीमोठी यादी, या दोन गोष्टी एकत्र दिसल्यास पुढे चालू लागावे.

वेळ आणि रांग

दुपारी बारा-साडेबाराला दुकान उघडताच किंवा संध्याकाळी सातच्या सुमारास पोहोचणे सर्वांत सोयीचे, कारण स्थानिक लोक रात्री साडेआठ-नऊनंतर जेवायला बाहेर पडतात आणि मग मुंगीलाही शिरायला जागा राहत नाही. काही दुकाने दुपारी तीन-चारनंतर संध्याकाळपर्यंत बंद राहतात आणि काहींची आठवड्याची सुट्टी रविवारी असते. १५ ऑगस्टच्या आसपास इटलीत सुट्ट्यांचा काळ असल्याने तेव्हा तर खात्री करूनच निघावे.

गर्दीच्या दुकानांत रांग उभी नसते, नुसता घोळका असतो. त्यामुळे घोळक्याच्या शेवटी जाऊन शांतपणे उभे राहणाऱ्याचा नंबर कधीच लागत नाही. आधी दारापर्यंत जावे. तेथे क्रमांकाची चिठ्ठी मिळते किंवा वही घेतलेला माणूस नाव आणि माणसांची संख्या लिहून घेतो. नाव पुकारले जाणार असेल, तर ते आखूड सांगावे. विश्वंभर किंवा ज्ञानेश्वर या नावांचे तेथे काय होईल हे सांगता येत नाही, रवी मात्र सगळ्यांना जमते. क्रमांक इटालियनमध्ये पुकारला जातो, म्हणून आपल्या आधीचा क्रमांक कोणाकडे आहे ते पाहून ठेवावे आणि ते आत गेले की पुढे सरकावे.

बाहेर चाळीस माणसे दिसली म्हणून लगेच निराश होऊ नये. भट्टीत एका वेळी चार पिझ्झे मावतात असे धरले, तरी दीड मिनिटाच्या हिशेबाने तासाला शंभर पिझ्झे निघणे अवघड नाही. त्यामुळे खोळंबा होतो तो टेबलांसाठी. दोघेजण असल्यास लवकर जागा मिळते. आठ-दहा जणांच्या मराठी कुटुंबाने एकाच टेबलाचा आग्रह धरला, तर मात्र त्यांच्या मागून आलेले जेवून निघून जातात. चार-चारच्या गटांत बसण्याची तयारी दाखवावी.

यादी वाचताना

पहिल्या भेटीत मार्गरिता किंवा मरिनारा यांपैकीच एक मागवावा. वर पदार्थांची गर्दी नसली की कणीक, टोमॅटो आणि भट्टी यांची खरी परीक्षा होते. मरिनारावर टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल एवढेच असते. नावावरून समुद्रातले काही असेल असे वाटते, पण त्यात मासळी नसते आणि चीजही नसते. मार्गरितावर टोमॅटो, मोझ्झरेल्ला आणि तुळशीच्या कुळातली बेसिलची पाने असतात. १८८९ मध्ये राफाएले एस्पोसितो याने राणी मार्गरितासाठी तो प्रथम केला, ही गोष्ट प्रत्येक वाटाड्या सांगतो. इतिहासकार मात्र तिच्या खरेपणाबद्दल शंका घेतात.

मार्गरितावरचे चीज दोन प्रकारचे असू शकते. ‘फिओर दि लात्ते’ हे गाईच्या दुधाचे, तर ‘बूफाला’ हे म्हशीच्या दुधाचे. म्हशीचे चीज अधिक चवदार आणि अधिक महाग असते, शिवाय ते पाणीही अधिक सोडते, त्यामुळे पिझ्झा मधोमध आणखी ओला होतो. ओलसरपणाची सवय नसलेल्याने पहिल्यांदा गाईच्या दुधाचे चीज असलेला पिझ्झा घेणे बरे.

शाकाहारी लोकांनी पुढील मजकूर नीट वाचावा. ‘पेपेरोनी’ म्हणजे ढोबळी मिरची. अमेरिकी साखळी-दुकानांतल्या याच नावाच्या मांसाच्या चकत्यांशी तिचा संबंध नाही. उलट ‘अच्चूगे’ किंवा ‘अलीची’ हे लहान खारे मासे आहेत आणि ते भाज्यांच्या पिझ्झ्यावरही अवचित सापडतात. ‘साल्सीच्चा’, ‘सालामे’, ‘प्रोश्युत्तो’ आणि ‘चीकोली’ ही सगळी डुकराच्या मांसाची रूपे आहेत. ‘फ्रियारिएल्ली’ ही किंचित कडवट पालेभाजी आपल्याला आवडण्यासारखी आहे, परंतु तिची जोडी जवळजवळ नेहमीच साल्सीच्चाशी लावलेली असते. ती मांसाशिवाय हवी असल्यास ‘सेंत्सा कार्ने’ असे सांगावे. आपण शाकाहारी आहोत हे पुरुषाने ‘सोनो वेजेतारियानो’ आणि स्त्रीने ‘सोनो वेजेतारियाना’ असे म्हणून कळवावे, आणि त्याला जोडून मासेही नकोत हे ‘सेंत्सा पेशे’ असे सांगून टाकावे, कारण मासा म्हणजे मांस नव्हे अशी समजूत तेथेही आढळते.

कडक शाकाहार पाळणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी आहेत. म्हशीच्या दुधाचे प्रमाणित मोझ्झरेल्ला, तसेच पार्मिजानोसारखी पक्की चीजे वासराच्या जठरातून मिळणाऱ्या रेनेटने दूध विरजून केली जातात. ज्यांना ते चालत नाही त्यांच्यासाठी मरिनारा हा सर्वांत निर्धास्त पर्याय आहे. दुसरे म्हणजे, सगळे पिझ्झे एकाच भट्टीत, एकाच फावड्याने भाजले जातात आणि तेथे शाकाहारी भट्टी निराळी ठेवण्याची पद्धत नाही. जैन वाचकांना मात्र थोडे बरे वाटावे अशीही एक गोष्ट आहे. नेपल्सच्या रीतीत टोमॅटोचा रस्सा शिजवत नाहीत. टोमॅटो नुसते कुस्करून त्यात मीठ घालतात, त्यामुळे साध्या मार्गरितात सहसा कांदा-लसूण नसतो. तरीही विचारून घ्यावे.

आधी काहीतरी तळलेले मागवण्याची तेथे रीत आहे. ‘क्रोक्के’ म्हणजे बटाट्याचे लांबट तळलेले गोळे आणि ‘फ्रित्तातीना’ म्हणजे पास्त्याची तळलेली जाड चकती. फ्रित्तातीनात बहुधा मांसाचे तुकडे असतात आणि क्रोक्केतही कधीकधी हॅम असतो, म्हणून येथेही तोच प्रश्न विचारावा. पोट बेताचे असेल तर हे सोडून द्यावे. पुढे येणारा पिझ्झा ताटाच्या काठाबाहेर जाणारा असतो.

माणशी एक पिझ्झा ही तेथील रीत आहे. लहान मुले वाटून खातात आणि कोणी काही म्हणत नाही, पण चार मोठ्या माणसांनी दोन पिझ्झे मागवणे दुकानदाराला रुचत नाही. सगळ्यांनी एकदम मागवू नये, ही माझी एक पदरची सूचना. चौघांनी आधी दोन वेगळे पिझ्झे मागवून ते गरम असतानाच अर्धे-अर्धे संपवावेत आणि मग पुढचे दोन सांगावेत. भट्टी झटपट असल्याने दुसरी जोडी फार वेळ लावत नाही. गर्दीच्या वेळी वाढपी याला तयार होईलच असे नाही.

पिझ्झा समोर आल्यावर

शक्य असेल तर भट्टी दिसेल अशी खुर्ची मागावी. आदल्या दिवशी किंवा सकाळी मळून फुगवत ठेवलेल्या कणकेचा गोळा पिझ्झायुओलो, म्हणजे पिझ्झा करणारा कारागीर, बोटांच्या टोकांनी मधून कडेकडे दाबत नेतो. आतली हवा काठाकडे ढकलली जाते आणि काठ मात्र दाबला जात नाही. लाटणे येथे निषिद्ध आहे. मग तो गोल दोन्ही हातांत झुलवून काही क्षणांत पसरला जातो, वर टोमॅटो, चीज आणि तेलाची एक वर्तुळाकार धार पडते, आणि सपाट फावड्यावरून तो भट्टीत सरकतो. भट्टी सांभाळणारा दुसरा माणूस लांब दांड्याच्या छोट्या धातूच्या फावड्याने पिझ्झा जागच्या जागी फिरवत राहतो, कारण लाकडाकडची बाजू काही सेकंदांत काळी पडू शकते. शेवटी तो पिझ्झा उचलून क्षणभर घुमटाजवळच्या धगीत धरतो आणि बाहेर काढतो. हे काम पाहण्यासारखे आहे, आणि २०१७ मध्ये युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत नेपल्सच्या पिझ्झायुओलोंच्या या कलेला स्थान दिले आहे.

युरोपीय संघाने २०१० मध्ये नेपोलिटन पिझ्झ्याला पारंपरिक पदार्थ म्हणून जी मान्यता दिली, तिच्या नियमांत भट्टीच्या तळाचे तापमान सुमारे ४८५ अंश सेल्सिअस, पिझ्झ्याचा व्यास जास्तीत जास्त ३५ सेंटीमीटर आणि काठाची उंची एक ते दोन सेंटीमीटर सांगितली आहे. घरातला ओव्हन २५० अंशांच्या आसपास थकतो आणि त्यात पिझ्झ्याला दहा-बारा मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात कणकेतले पाणी उडून पिझ्झा कुरकुरीत होतो. नेपल्सच्या भट्टीत काठ फुगतो तो तव्यावरून विस्तवावर टाकलेला फुलका फुगतो त्याच कारणाने, म्हणजे आतल्या पाण्याची एकदम वाफ झाल्याने. परंतु मधला पातळ भाग वाळायला दीड मिनिट पुरत नाही, म्हणून तो मऊ, लवचीक आणि ओलसर राहतो. त्यामुळे मधला भाग हातात धरल्यावर खाली लवतो म्हणून ‘कच्चा आहे, परत भाजून आणा’ असे सांगू नये. शंका असल्यास सुरीने काठ किंचित उचलून खालची बाजू पाहावी. तेथे फिकट कणकेवर विखुरलेले तपकिरी-काळे ठिपके असतील, तर पिझ्झा बरोबर भाजला गेला आहे. काठावरचे काळे फोडही अपेक्षितच असतात. खालची बाजू सलग काळी असून चव कडू लागत असेल, तर मात्र तक्रार करण्यात काहीही गैर नाही, आणि चांगले दुकान मुकाट्याने दुसरा आणून देते.

पिझ्झा न कापता येतो. सोबत काटा आणि सुरी असते आणि स्थानिक लोकही त्यांचा वापर करतात, म्हणून ते परकेपणाचे लक्षण समजू नये. आधी पिझ्झ्याचे चार भाग करावेत. एका भागाचे टोक काट्याने काठाकडे दुमडावे, म्हणजे मधला रस्सा आतच राहतो, आणि मग तो भाग काठाला धरून हाताने उचलावा. मुलांसाठी कापून हवा असल्यास ‘ताल्याता’ असे सांगावे. काठ टाकून देऊ नये. दुकान कसे आहे हे त्या काठातच कळते. तो आतून पोकळ, हलका आणि दाताला किंचित चिवट लागला पाहिजे. ताटात सांडलेला टोमॅटो आणि तेल त्यानेच पुसून घ्यावे.

छायाचित्र काढायचे असेल तर एकच काढावे. पाच-सहा मिनिटांत चीज घट्ट होऊ लागते, ओला तळ चामड्यासारखा होतो आणि मग सुरीशी झटापट सुरू होते. सगळ्यांचे पिझ्झे येईपर्यंत हात आखडून बसण्याचा शिष्टाचार येथे पाळू नये. ज्याचा आला त्याने सुरुवात करावी, शेजारीपाजारीही तेच करताना दिसतात.

टोमॅटो केचप मागू नये. तिखटाशिवाय ज्यांचे चालत नाही त्यांनी ‘ओलिओ पिक्कान्ते’ म्हणजे मिरचीचे तेल मागावे. ते बहुतेक ठिकाणी असते आणि मार्गरितावर चांगले लागते. तरी पहिला चतुर्थांश त्याच्याविना खाऊन पाहावा. पिण्यासाठी लोक बिअर, कोला किंवा पाणी घेतात. पाणी बाटलीतले येते आणि वाढपी ‘नातुराले’ की ‘फ्रिझान्ते’ असे विचारतो. पहिले साधे, दुसरे बुडबुड्यांचे.

दुमडलेला आणि तळलेला

वेळ नसेल, तर याच रस्त्यावर काही दुकानांच्या दर्शनी खिडकीत लहान आकाराचे पिझ्झे ठेवलेले असतात. त्यातला एक चार पदरी दुमडून कागदात गुंडाळून देतात, त्याला ‘आ पोर्ताफोल्यो’ म्हणतात, आणि तो दोन-अडीच युरोंच्या आसपास मिळतो. तो उभ्याने, थोडे पुढे वाकून खावा, नाहीतर गरम टोमॅटो सदऱ्यावर उतरतो. तळलेल्या पिझ्झ्याच्या आत बहुधा रिकोत्ता हे मऊ ताजे चीज आणि चीकोली असतात, आणि तळण्यासाठी पूर्वी डुकराची चरबी, म्हणजे ‘स्त्रुत्तो’, वापरीत. आता बहुतेक ठिकाणी तेल असते. शाकाहारी व्यक्तीने आतले सारण आणि तेल अशा दोन्ही गोष्टींची चौकशी केल्याशिवाय तो घेऊ नये.

बिल देताना

साधा मार्गरिता जुन्या शहरात साधारणपणे पाच ते आठ युरोंत मिळतो. बिलात ‘कोपेर्तो’ या नावाखाली माणशी दीड-दोन युरो अधिक लागलेले दिसले, तर ती फसवणूक नव्हे. टेबलावर बसण्याचा तो आकार असतो आणि यादीत कोठेतरी बारीक अक्षरांत लिहिलेला असतो. त्यामुळे वेगळी बक्षिसी देणे बंधनकारक नसते. सेवा आवडली तर वरचे सुटे पैसे ठेवावेत. बिल आपणहून आणून देत नाहीत, ‘इल कोन्तो, पेर फावोरे’ असे म्हणून मागावे लागते, किंवा दाराजवळच्या गल्ल्यावर जाऊन टेबल सांगून पैसे भरावे लागतात. छोट्या दुकानांसाठी जवळ थोडी रोख असू द्यावी. कॉफी तेथेच बसून मागण्यापेक्षा बाहेर पडून शेजारच्या कॉफीच्या दुकानात उभ्याने घ्यावी. ती तेथे अधिक चांगली मिळते आणि आपले टेबल दारातल्या पुढच्या माणसांना मोकळे होते.

रोममध्ये मुक्काम करून पॉम्पेई या प्राचीन नगराचे अवशेष पाहायला जाणाऱ्यांना नेपल्स वाटेतच लागते आणि रोमहून जलद गाडीने तेथे सव्वा तासाच्या आसपास पोहोचता येते. अशांनी पिझ्झा दुपारच्या जेवणाला ठेवावा आणि दुकान उघडण्याच्या वेळेलाच दारात असावे, म्हणजे पॉम्पेईसाठी दुपार मोकळी राहते. रात्रीच्या जेवणाचाच बेत असेल, तर परतीच्या गाडीकडे डोळे लावून गरम पिझ्झा घाईने गिळण्यापेक्षा त्या रात्रीचा मुक्काम नेपल्समध्येच करावा.